जोहोर बाहरूची एका दिवसाची सहल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सिंगापूर बेट आणि मलेशियाच्या जोहोर राज्याची राजधानी जोहोर बाहरू यांच्यामध्ये केवळ एक अरुंद सामुद्रधुनी असून, १९२४ साली अधिकृतपणे खुल्या झालेल्या सुमारे एक किलोमीटर लांबीच्या भराव-रस्त्याने, म्हणजे तेथील बोलीतल्या ‘कॉजवे’ने, ती दोन्ही जोडलेली आहेत. सिंगापूरमधील कुटुंबांनी सुट्टीच्या दिवशी सकाळी हा रस्ता ओलांडावा, पलीकडे जेवण, किराणा, केशकर्तन, दातांची तपासणी आणि गाडीची धुलाई उरकावी आणि रात्री घरी परतावे, ही प्रथा आता इतकी रुळली आहे की तिच्यासाठी वेगळे नियोजन करावे लागते असे फारसे कोणाला वाटत नाही. नोकरीनिमित्त सिंगापुरात राहणारी मराठी कुटुंबेही या प्रथेत सामील आहेत, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे, काही नियम नेमके त्यांनाच इतरांपेक्षा अधिक कडकपणे लागू होतात. ही सहल दोन सार्वभौम राष्ट्रांमधील आंतरराष्ट्रीय प्रवास आहे, याचा तिच्या सवयीमुळे विसर पडतो आणि बहुतेक गैरसमज तेथूनच सुरू होतात.

सर्वांत प्रचलित समज चलनाविषयीचा आहे. सिंगापूरचा एक डॉलर म्हणजे मलेशियाचे तीनहून अधिक रिंगिट, म्हणून पलीकडची प्रत्येक वस्तू तिपटीहून स्वस्त, असा हिशेब सर्रास केला जातो. १९७३ च्या मे महिन्यापर्यंत ही दोन्ही चलने एकास एक या प्रमाणात परस्परांत बदलता येत असत. ती व्यवस्था संपल्यानंतर रिंगिट हळूहळू घसरत गेला आणि २०२४ च्या सुरुवातीला एका डॉलरला साडेतीन रिंगिटच्या आसपास मिळू लागले. मात्र विनिमयदर हा दोन चलनांमधला दर असतो, दोन बाजारपेठांमधील किमतींचा नव्हे. भ्रमणध्वनी, खेळाचे नामांकित बूट किंवा परदेशी सौंदर्यप्रसाधने या वस्तू दोन्ही देशांत एकाच जागतिक बाजारातून येत असल्यामुळे रिंगिट घसरला की त्यांच्या रिंगिटमधील किमती वर जातात आणि डॉलरमध्ये हिशेब केल्यावर उरणारा फरक बहुधा किरकोळ असतो. २०११ मध्ये कुलाईजवळ सुरू झालेल्या जोहोर प्रीमियम आउटलेट्ससारख्या ठिकाणी मिळणारी सवलत जुन्या हंगामाच्या मालावरची असते. ती सीमेमुळे मिळते असे मानण्यात अर्थ नाही.

खरा फरक पडतो तो ज्या गोष्टी सीमेपलीकडे नेता येत नाहीत त्यांच्यात. वाटीभर लक्सा, केळीच्या पानावरचा भात, केस कापणे, दात साफ करणे, गाडी धुणे यांच्या किमतीत मजुरी आणि जागेचे भाडे यांचा वाटा मोठा असतो, आणि हे दोन्ही घटक सिंगापुरात कितीतरी महाग आहेत. श्रीमंत देशांत निर्यातक्षम उद्योगांची उत्पादकता वाढली की तेथील पगार वाढतात, ते पगार न्हाव्याला आणि आचाऱ्यालाही द्यावे लागतात आणि त्यामुळे स्थानिक सेवा महागतात, ही मीमांसा बेला बालासा आणि पॉल सॅम्युएलसन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये स्वतंत्रपणे मांडली आणि ती त्या दोघांच्याच नावाने ओळखली जाते. या सिद्धान्ताचे इतके जवळजवळ उभे असलेले उदाहरण जगात क्वचितच सापडेल. म्हणूनच दिवसअखेर मोठी बचत झालेले कुटुंब बहुधा तेच असते, ज्याने बचतीचा बराचसा भाग तेथेच खाऊन आणि वापरून संपवलेला असतो, आणि पिशव्या भरून परतणाऱ्याचा हिशेब घरी गेल्यावर अनेकदा निराशाजनक ठरतो.

जेवणाच्या बिलाबाबतही एक उपसमज आहे. सिंगापूरच्या उपाहारगृहांत दहा टक्के सेवाआकार आणि त्यावर नऊ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, तर मलेशियाने हा कर २०१८ मध्ये रद्द केल्यामुळे तेथे जेवण करमुक्त असते, असे म्हटले जाते. वस्तुतः त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तेथे विक्री कर आणि सेवा कर पुन्हा लागू झाले. खाद्यपेयांवर आजही सहा टक्के सेवा कर आहे आणि तो ठरावीक वार्षिक उलाढालीपुढच्या उपाहारगृहांना आकारावा लागतो. लहान ठेल्यावर किंवा पराठ्याची भावंडे शोभावीत अशी ‘रोती चनाय’ विकणाऱ्या तमिळ मुस्लिम ‘मामाक’ उपाहारगृहात तो अनेकदा दिसत नाही, मॉलमधील उपाहारगृहात मात्र बिलाच्या तळाशी दिसतो. जुना वस्तू व सेवा कर गेल्यामुळे पर्यटकांना तो परत देण्याची योजनाही संपली, तेव्हा पावत्या जपून ठेवून मलेशियाकडून परतावा मिळण्याची अपेक्षा व्यर्थ आहे. पावत्या जपायच्या त्या वेगळ्याच कारणासाठी.

ते कारण सिंगापूरच्या सीमेवर परतताना उभे राहते. बाहेरून आणलेल्या नव्या वस्तूंवर, त्यांत भेटवस्तू आणि खाद्यपदार्थही आले, सिंगापूर आयातीच्या वेळी नऊ टक्के वस्तू व सेवा कर आकारते आणि प्रवाशाला ठरावीक मूल्यापर्यंतच त्यातून सूट मिळते. हिला आयात-सवलत म्हणतात. विमानाने दूरच्या देशांतून येणाऱ्यांच्या मनात पाचशे डॉलरचा आकडा घट्ट बसलेला असतो, परंतु तो किमान ४८ तास देशाबाहेर राहिलेल्यांसाठी आहे. त्याहून कमी वेळ बाहेर असलेल्यांची मर्यादा फेब्रुवारी २०१९ पासून शंभर डॉलर इतकी खाली आणलेली आहे, आणि एका दिवसाची सहल ४८ तासांची कधीच होत नाही. अडीचशे डॉलरची खरेदी करून संध्याकाळी परतणाऱ्या सिंगापूरच्या नागरिकाला म्हणून दीडशे डॉलरवर, म्हणजे साडेतेरा डॉलर, कर देय होतो.

मराठी कुटुंबांच्या दृष्टीने याहून महत्त्वाची अट बहुधा कोणी वाचतच नाही. सिंगापूर सरकारने दिलेला एम्प्लॉयमेंट पास, वर्क परमिट, डिपेंडंट पास, स्टुडंट पास किंवा अन्य दीर्घकालीन पास ज्यांच्याकडे आहे त्यांना ही सवलत मुळीच लागू होत नाही. वरच्याच उदाहरणातील खरेदी पुणे-मुंबईहून नोकरीसाठी गेलेल्या पासधारकाने केली असेल तर संपूर्ण अडीचशे डॉलर करपात्र ठरतात आणि साडेबावीस डॉलर भरावे लागतात. शेजारच्या घरातील नागरिक कुटुंबाने जे बिनदिक्कत आणले तेच आपणही आणू शकतो, हा निष्कर्ष त्यामुळे चुकीचा आहे. ‘कोणी विचारत नाही’ हा युक्तिवादही टिकत नाही, कारण माल स्वतःहून जाहीर करणे ही प्रवाशाची जबाबदारी असून, तो अगोदर मोबाइलवरून जाहीर करून कर भरण्याची सोय आहे आणि तपासणीत लपवलेला माल सापडल्यास प्रकरण दंडापर्यंत जाते.

मद्य आणि तंबाखू यांच्याबाबत सवलतीचा प्रश्नच उरत नाही. मलेशियातून येणाऱ्या प्रवाशांना करमुक्त मद्याची मुभा एप्रिल २०१९ पासून नाही, मग प्रवासी तेथे दोन दिवस राहिला असला तरी. सिगारेटला ती कोणत्याच देशातून येताना नाही. इलेक्ट्रॉनिक सिगारेट बाळगणेच बेकायदा आहे, आणि १९९२ पासून आयातबंदी असलेले च्युइंगगम, औषधी प्रकारांचा अपवाद वगळता, आजही आणता येत नाही. कच्चे मांस व मासळी केवळ मान्यताप्राप्त देशांतून आणि मर्यादित प्रमाणातच नेता येते. मराठी स्वयंपाकघराशी थेट संबंध येतो तो खसखशीचा: अफूच्या झाडाचे हे बी असल्याने त्यात अमली द्रव्याचे अंश राहू शकतात, या कारणाने सिंगापुरात ते निषिद्ध मालात मोडते. अनारशांची तयारी जोहोरच्या भारतीय वाणसामानाच्या दुकानातून करण्याचा बेत म्हणून सोडून देणेच शहाणपणाचे.

स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांचा आवडता समज पेट्रोलविषयी आहे: इकडची टाकी रिकामी घेऊन जायची आणि तिकडून भरून आणायची. सिंगापूरने हा मार्ग १९८९ मध्येच अडवला. देशाबाहेर जाणाऱ्या सिंगापुरी मोटारीची टाकी आधी किमान निम्मी आणि १९९१ पासून किमान तीन-चतुर्थांश भरलेली असणे बंधनकारक झाले, आणि काटा त्याखाली दिसल्यास गाडी परत पाठवली जाते व पाचशे डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. यामागे पेट्रोलवरील शुल्काचे उत्पन्न राखण्याबरोबरच मोटारींचा वापर आवरण्याचे सिंगापूरचे जुने धोरण आहे. मलेशियाने दुसऱ्या टोकाने कुलूप लावले आहे: तेथील रॉन ९५ हे पेट्रोल सरकारी अनुदानावर विकले जात असल्याने २०१० पासून परदेशी नोंदणीच्या गाड्यांना ते देण्यास मनाई आहे आणि त्यांना बाजारभावाचे रॉन ९७ घ्यावे लागते. मलेशियाच्या करदात्याने सोसलेला भार शेजारच्या देशातील गाडीने उचलून नेऊ नये, हा त्यामागचा विचार रास्तच म्हटला पाहिजे. एक-चतुर्थांश टाकीवर जी बचत होते तिच्यातून मलेशियाचा वीस रिंगिटचा रस्ता-आकार आणि पथकर वजा करावे लागतात. शिवाय परदेशी गाडीसाठी लागणारा वाहन-प्रवेश परवाना जुलै २०२५ पासून सक्तीने तपासला जाऊ लागला असून तो नसल्यास तीनशे रिंगिट दंड आहे.

कागदपत्रांसंबंधीचे गैरसमज थोडक्यात सांगता येतात. मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून भारतीय पारपत्रधारकांना तीस दिवसांपर्यंत व्हिसामाफी दिली असून तिची मुदत पुढे २०२६ च्या अखेरपर्यंत वाढवली आहे. परंतु व्हिसा लागत नाही याचा अर्थ काहीच लागत नाही असा होत नाही. आगमनापूर्वीच्या तीन दिवसांत मलेशियाचे डिजिटल आगमनपत्र प्रत्येक व्यक्तीसाठी, तान्ह्या मुलासाठीही, ऑनलाइन भरावे लागते, आणि त्यातून सिंगापूरच्या नागरिकांना सूट असली तरी तेथे राहणाऱ्या भारतीय नागरिकांना ती नाही. सिंगापूरच्या सीमेवर मार्च २०२४ पासून क्यूआर कोड दाखवून पुढे जाता येते हे खरे, पण ती सोय सिंगापूरच्या चौकीची असल्याने पारपत्र घरी ठेवून चालत नाही.

सीमेवरील प्रचंड गर्दी खरेदीदारांचीच असते, या समजामागे सुट्टीच्या दिवसांची छायाचित्रे आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये वुडलंड्स व तुआस या दोन्ही चौक्या मिळून एका दिवसात पाच लाखांहून अधिक लोकांनी सीमा ओलांडली, पण कामाच्या दिवशी पहाटे दुचाकींची जी रीघ कॉजवेवर लागते ती सिंगापुरात नोकरीला जाणाऱ्या मलेशियन कामगारांची असते. सिंगापूरचे पगार आणि जोहोरचा घरखर्च यांच्यातील तफावतीवर त्यांचे संसार उभे आहेत; म्हणजे ज्या फरकाचा लाभ सिंगापूरचे कुटुंब रविवारी घेते त्याचाच लाभ जोहोरचे कुटुंब सोमवार ते शुक्रवार उलट दिशेने घेते. सुट्टीबाबतचा एक जुना आडाखाही बदलला आहे. २०१४ पासून जोहोरमध्ये शुक्रवार-शनिवार ही साप्ताहिक सुट्टी होती, त्यामुळे तेथे रविवार कामाचा दिवस असे. जानेवारी २०२५ पासून राज्याने पुन्हा शनिवार-रविवार स्वीकारल्याने दोन्ही बाजूंची सुट्टी एकाच वेळी येते.

या सहलींमुळे सिंगापूरचे दुकानदार बुडतात आणि जोहोर सरसकट श्रीमंत होते, हे समीकरणही घाईचे आहे. मार्च २०२० मध्ये साथीमुळे सीमा बंद झाली आणि सर्वसाधारण प्रवाशांसाठी ती एप्रिल २०२२ पर्यंत मोकळी झाली नव्हती. या काळात जोहोर बाहरूच्या सीमेलगतच्या दुकानांवर आणि मॉलवर जी अवकळा आली तिने त्या शहराचे परावलंबन उघडे केले. दुसरीकडे, सिंगापुरी ग्राहक ज्या भागात गर्दी करतात तेथील उपाहारगृहांचे दर आणि दुकानांची भाडी स्थानिक मिळकतीच्या मानाने वाढतात, अशी तक्रार जोहोरचे रहिवासी करतात. एकोणीसशे एकोणीसमध्ये सुरू झालेल्या आणि लाकडाच्या भट्टीवर केळ्याचा केक भाजणाऱ्या हियाप जू या बेकरीसमोरच्या रांगेत सिंगापुरी पाहुणे आणि गावातील जुनी गिऱ्हाइके दोन्ही असतात, आणि त्या केकची किंमत कोणाच्या खिशाकडे पाहून ठरावी हा त्या गावापुढचा खरा प्रश्न आहे.

सिंगापूरचे वुडलंड्स नॉर्थ आणि जोहोर बाहरूचे बुकित चागर यांना जोडणारी चार किलोमीटरची आरटीएस रेल्वे २०२६ च्या अखेरपर्यंत सुरू करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले आहे. तिची क्षमता ताशी एका दिशेने दहा हजार प्रवाशांची असून दोन्ही देशांची तपासणी निघण्याच्या स्थानकातच पूर्ण होईल आणि प्रत्यक्ष प्रवासाला सुमारे पाच मिनिटे लागतील. कॉजवेवर खोळंबण्यात आज जे तास जातात ते तिच्यामुळे वाचतील, मात्र तिच्या डब्यातून उतरणाऱ्याची करसवलत शंभर डॉलरच राहील, पासधारकाची शून्यच राहील आणि गाडीच नसल्याने तांदळाचे पोते व खाद्यतेलाचे डबे हातात वाहून न्यावे लागतील. रेल्वेने जाणारे कुटुंब जेवण आणि केशकर्तन यांकडे अधिक व किराण्याकडे कमी वळेल, असा अंदाज त्यामुळे बांधता येतो.