गौतम राजाध्यक्ष : चेहऱ्याला मान देणारा उजेड

शिरूर-दौंडकडच्या जुन्या फोटो स्टुडिओंत एके काळी उजेड समोरून, सरळ आणि भरपूर पडायचा. मागे रंगवलेला पडदा, बाजूला प्लॅस्टिकच्या फुलांची कुंडी. मुलीचा फोटो स्थळासाठी काढायचा असला की घरच्यांची मागणी एकच असे, चेहरा स्वच्छ दिसला पाहिजे. पुढे याच स्टुडिओंत उजेड पसरवणाऱ्या छत्र्या आल्या. केसांच्या कडेला मागून उजेड लागू लागला, गालाच्या एका बाजूला सावली चालू लागली. रंगीत फिल्म आणि कलर लॅब आवाक्यात आल्या हे त्याचे एक कारण. पण नजर बदलली ती मासिकांच्या मुखपृष्ठांनी. दौंड जंक्शनच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना पुस्तकांच्या दुकानात टांगलेले ते चेहरे आम्ही न्याहाळत असू. त्यांतले फार मोठे काम छायाचित्रकार गौतम राजाध्यक्ष यांचे होते.

१६ सप्टेंबर १९५० रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. शिक्षण सेंट झेवियर्समध्ये, विषय रसायनशास्त्र. काही काळ त्यांनी शिकवलेही. १९७४ मध्ये ते लिंटास या जाहिरात कंपनीत गेले आणि तिथल्या छायाचित्र विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. १९८० च्या सुमारास शबाना आझमी, टीना मुनीम आणि जॅकी श्रॉफ त्यांच्या कॅमेऱ्यासमोर बसले आणि वाट बदलली. १९८७ मध्ये नोकरी सोडून ते पूर्णवेळ छायाचित्रकार झाले. लेखिका शोभा डे त्यांच्या चुलत बहीण. पाश्चात्त्य संगीताची, विशेषतः ऑपेराची ओढ आणि एक मुंबईकर अदब त्यांच्या कामात सतत जाणवते.

प्रतिष्ठितांचे फोटो काढणे हा आपल्याकडे जुनाच व्यवसाय. राजा दीनदयाळ यांनी निजामाच्या दरबारात मान मिळवला आणि १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ थाटला. इंग्लंडमध्ये सेसिल बीटन यांनी राजघराण्याला आणि सिनेतारकांना एकाच नजरेने सजवले. दीनदयाळांच्या फोटोत माणसाआधी त्याचा दर्जा दिसतो, पोशाख, दागिने, खुर्ची, उभे राहण्याची ढब. राजाध्यक्षांच्या काळात संस्थाने उरली नव्हती. उच्चभ्रू समाज म्हणजे आता सिनेमा, उद्योग, संगीत आणि फॅशन यांचे एकमेकांत मिसळलेले वर्तुळ. त्या वर्तुळाला दरबारी थाट नको होता, पण चारचौघांसारखे दिसणेही नको होते. राजाध्यक्षांनी त्याला मधली जागा दिली. खुर्ची-दागिने मागे सरले आणि चेहरा चौकटभर आला.

हे कसे साधले, ते नीट पाहण्यासारखे आहे. तेव्हा काम फिल्मवर चाले. टिपलेले लगेच पडद्यावर दिसत नसे, शिवाय मासिकांना लागणाऱ्या पारदर्शिकेवर उजेड जरा चुकला तर तो मागाहून सावरणे अवघड. म्हणून सगळी मेहनत बटण दाबण्याआधी करावी लागे. त्यांचा उजेड मऊ असतो. मोठ्या पृष्ठभागावरून पसरून आलेला, त्यामुळे सावलीला धार राहत नाही. मागचा उजेड केसांना पार्श्वभूमीपासून वेगळे काढतो. डोळ्यांत एक ठिणगी हमखास असते, आणि तिच्यामुळेच बघणाऱ्याची नजर तिथे खिळते. पण माझ्या मते या तंत्राइतकेच मोठे काम बोलण्याचे होते. समोरचा माणूस सैलावला नाही तर मऊ उजेडातही तो ताठच दिसतो. राजाध्यक्षांच्या फोटोतली माणसे ताठ दिसत नाहीत.

लेखणीही त्यांनी सोडली नाही. ‘चंदेरी’ या मराठी पाक्षिकाचे संपादन केले, ‘बेखुदी’ (१९९२) आणि ‘अंजाम’ (१९९४) या हिंदी चित्रपटांच्या पटकथा लिहिल्या. काजोलचे पदार्पण ‘बेखुदी’तूनच झाले.

१९९७ मध्ये त्यांचे ‘फेसेस’ हे पुस्तक आले. दुर्गा खोटे ते ऐश्वर्या राय असा त्याचा पल्ला आहे. दुर्गाबाईंचे नाव प्रतिष्ठेच्या या विषयाला विशेष लागू पडते. सुखवस्तू, सुशिक्षित घरातली ही स्त्री १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये तारामती झाली, तेव्हा सिनेमात जाणे घरंदाज बाईला शोभत नाही असे मानणारेच बहुसंख्य होते. पन्नासेक वर्षांनी तोच सिनेमा प्रतिष्ठितांच्या दिवाणखान्यात मानाने बसला होता, आणि ते स्थित्यंतर राजाध्यक्षांच्या कॅमेऱ्याने टिपले.

माझा एक आक्षेप आहे. तरुण तारकांचे त्यांचे काही फोटो इतके निर्मळ आहेत की एकीच्या जागी दुसरी चालून जाईल. त्वचेवर काही घडलेलेच नाही. ज्येष्ठ कलावंतांपाशी मात्र त्यांचा हात वेगळा चालतो. लता मंगेशकरांच्या छायाचित्रांतली पांढरी साडी, वेणी आणि शांत डोळे पाहा. तिथे झगमगाट मागे घेण्याची समज आहे. मला त्यांचे खरे मोठेपण इथे दिसते.

मराठी कर्तृत्ववंतांवरचे ‘चेहरे’ हे त्यांचे पुस्तक २०१० मध्ये आले. पुढच्याच वर्षी, १३ सप्टेंबर २०११ रोजी, एकसष्टाव्या वाढदिवसाला तीन दिवस उरले असताना हृदयविकाराने त्यांचे मुंबईत निधन झाले. ‘चेहरे’ आपल्या तालुक्यांच्या वाचनालयांत असायला हवे. शिरूर-दौंडची तरुण मुले आज लग्नसराईत महागडे कॅमेरे आणि ड्रोन घेऊन फिरतात, मेहनत करतात, पैसाही बरा मिळवतात. त्यांनी ‘चेहरे’मधला एकेक फोटो समोर ठेवून उजेड कुठून आला आणि सावली कुठे थांबली, हे शोधावे. नवऱ्या मुलीच्या आजीचा फोटो मग ते अधिक वेळ देऊन काढतील.