सूर्यास्तापूर्वीचा युरोप

युरोपची सहल म्हटली की आपल्याकडे मे महिना गृहीत धरला जातो. मुलांना सुट्टी असते हे खरे. परंतु शिरूर-दौंडच्या कापड, भांडी व सराफी व्यवसायातील कुटुंबांसाठी मे म्हणजे भर लग्नसराई. दुकान सोडून जाणार कोण? उलट धनुर्मास लागला की मुहूर्त थांबतात आणि संक्रांतीपर्यंत पेढीवर थोडी उसंत मिळते. चातुर्मासही कार्तिकी पौर्णिमेलाच संपलेला असतो. योगायोग असा की, युरोपातील मंदीचा काळही साधारण हाच. नाताळ-नववर्षाची गर्दी ६ जानेवारीच्या सणानंतर ओसरते आणि हॉटेलांचे दर उतरू लागतात. ११ तारखेचे जीएसटी विवरण आधीच पूर्ण करून ७ जानेवारीला निघाले, तर २० तारखेच्या भरण्यापूर्वी घरी परतता येते. मुलांची शाळा बुडते, एवढीच अडचण.

शहर कोणते निवडावे, हे मात्र केवळ प्रेक्षणीय स्थळांवरून ठरवू नये. घरात चौविहार पाळणारे एक जरी माणूस असेल, तर प्रथम सूर्य पाहावा. जानेवारीच्या मध्यावर शिरूरला सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सव्वासहाला मावळतो. लंडनमध्ये त्याच दिवशी तो आठला उगवून सव्वाचारलाच मावळतो. नवकारशीची ४८ मिनिटे धरली, तर पहिला घास नऊच्या सुमारास आणि शेवटचा चारला. मधल्या सात तासांत दोन वेळचे जेवण, प्रवास आणि पाहणे, सारेच उरकायचे. मे महिन्यात जाऊन आलेल्यांना याची कल्पना नसते. तेव्हा तेथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो.

बेल्जियममधील अँटवर्प हे नाव आपल्या समाजाला परके नाही. १९६०च्या दशकापासून पालनपूरची जैन कुटुंबे हिऱ्यांच्या व्यापारासाठी तेथे स्थायिक झाली. विल्रेक या उपनगरातील संगमरवरी जिनालयाची प्रतिष्ठा २०१० मध्ये झाली. देवदर्शन आणि शुद्ध भोजन या दोन्ही गोष्टी इतक्या जवळजवळ मिळण्याचा योग युरोपात विरळा. शिवाय ३ ते ३१ जानेवारी हा तेथील कायद्याने ठरलेला हिवाळी सवलतींचा काळ. कापडाच्या व्यापाऱ्याने निदान मांडणी पाहण्यासाठी तरी बाजारात फेरी मारावी. पण आकाश बहुधा झाकोळलेले, दुपारचे तापमान पाच-सहा अंश आणि सूर्यास्त पाचला. दोन दिवस पुरेत.

जिथे अन्नाची सोय आहे तिथे उजेड अपुरा, अशी ही कोंडी आहे. तिच्यावर उत्तम उतारा म्हणजे दक्षिण स्पेनमधील सेव्हिल. स्पेनने १९४० साली आपले घड्याळ मध्य युरोपाशी जुळवले आणि ते आजवर तसेच आहे. म्हणून तेथील घड्याळ सूर्याच्या पुढे धावते. जानेवारीच्या मध्यावर तेथील सूर्यास्त सुमारे साडेसहाचा, म्हणजे शिरूरपेक्षाही किंचित उशिराचा. उदय साडेआठनंतर होतो, पण थंडीत त्याआधी बाहेर पडतो कोण! दुपारी सोळा अंशांचे ऊन असते. स्पॅनिश माणूस दुपारचे जेवण दोननंतर घेतो आणि रात्रीचे नऊनंतर. त्यामुळे तीन-चार वाजता उपाहारगृहे उघडी सापडतात आणि दिवसाचे शेवटचे जेवण उजेडात होते. अल्काझारचा राजवाडा, कोलंबसची समाधी असलेले भव्य चर्च आणि १९२९च्या प्रदर्शनासाठी बांधलेला प्लाझा दे एस्पान्या पायी पाहता येतात. रस्त्याकडेची संत्र्यांची झाडे या दिवसांत फळांनी लगडलेली असतात. ती फळे मात्र कडू, मुरंब्याची.

एक गोष्ट ज्येष्ठांना आधीच सांगून ठेवावी : तेथील अनेक दुकानांत व उपाहारगृहांत छताला मांस टांगलेले असते. लसूणही जवळजवळ सर्वत्र. म्हणून हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेली सदनिका घ्यावी. भाजी, ऑलिव्ह तेल आणि अंड्याविना सुका पास्ता दुकानात मिळतो. बाहेर खायचेच झाले तर ‘सिन आहो, सिन सेबोया’, म्हणजे लसूण नको, कांदा नको, एवढे पाठ करावे. चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट असू शकते. वेष्टन वाचल्याखेरीज घेऊ नये.

खाखरे, ठेपले, मुगाची डाळ बरोबर न्यावी. परंतु तुपाचा डबा, पेढे, बर्फी नको. भारतातून येणाऱ्या प्रवाशांना दुग्धजन्य पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत.

रोम किंवा लिस्बनही वाईट नाही. लिस्बनचा सूर्यास्त साडेपाचचा, मात्र पाऊस फार. पाच रात्री सेव्हिल आणि दोन अँटवर्प असा बेत केल्यास शेंगेन व्हिसाचा अर्ज स्पेनकडे करावा लागतो, कारण मुक्काम तेथे अधिक. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तेव्हा बोटांचे ठसे देण्यासाठी व्हिसा केंद्रात जाण्याचे काम दिवाळीची गर्दी सुरू होण्यापूर्वीच उरकावे.