मणक्यातील गादी : काही समज, काही गैरसमज

कंबरदुखी हा तसा घरोघरचा विषय. 'उसण भरली', 'नस दबली', 'मणक्यात गॅप पडला' ही वाक्ये आपल्या ट्रॉम्बे-मानखुर्द परिसरात रोज कानावर पडतात. गोण्या उचलणारे, रिक्षा चालविणारे, दिवसभर खुर्चीला खिळलेले आणि पाण्याचे कॅन घेऊन पोटमाळ्यापर्यंत चढणाऱ्या आमच्या भगिनी, या सर्वांची भाकरी पाठीच्या कण्यावरच अवलंबून आहे. माझ्या शेजारच्या एका बांधवाच्या एम.आर.आय. रिपोर्टात 'डिस्क बल्ज' हे दोन शब्द आले. त्यांनी त्याचा अर्थ 'आता आपण संपलो' असा लावला आणि तीन महिने अंथरूण धरले. कामावर खाडे पडले, कर्ज झाले, मुलीचा क्लास सुटला. गादीने त्यांचे जेवढे नुकसान केले नसेल तेवढे त्या दोन शब्दांच्या भीतीने केले. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम ही गादी म्हणजे काय ते पाहू. मान, पाठ व कंबर मिळून २४ सुटे मणके असतात. मानेचे पहिले दोन मणके सोडले तर त्याखाली प्रत्येक दोन मणक्यांमध्ये, आणि शेवटचा मणका व त्रिकास्थी यांच्या सांध्यातही, एक चकती असते. अशा एकूण २३ चकत्या. चकतीचे बाहेरचे कडे चिवट तंतूंच्या थरांचे आणि आतला गर मऊ, पाणीदार. दिवसभराच्या भाराने गरातले थोडे पाणी निघून जाते व रात्री आडवे झाल्यावर ते परत शोषले जाते. म्हणूनच सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा एक-दीड सेंटीमीटरने अधिक भरते. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग भिंतीवर खूण करून जरूर करून पाहावा.

वयाबरोबर गर सुकत जातो, कडे सैल होते आणि चकती चहूबाजूंनी थोडी फुगते. यालाच बल्ज म्हणतात. कडे एका जागी फाटून गर बाहेर आला, तर ती त्यापुढची पायरी. दोन्ही प्रकारांत चकती जागेवरून 'सरकत' नाही. साबणाच्या वडीसारखी ती निसटत नाही, कारण वरच्या व खालच्या मणक्याला ती घट्ट जोडलेली असते. तेव्हा 'सरकलेली गादी दाबून जागेवर बसवितो' असे कोणी सांगितले तर त्याच्या हाती पाठ देण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

ओझ्याचे गणितही समजून घेण्याजोगे आहे. २० लिटरचा भरलेला कॅन म्हणजे साधारण २० किलो. तो वाकून, कंबरेपासून हातभर लांब, म्हणजे ५० सेंटीमीटरवर धरला, तर त्याला तोलणारे पाठीचे स्नायू मणक्यापासून जेमतेम ५ सेंटीमीटरवर असतात. तरफेच्या नियमाने त्या स्नायूंना दहापट, म्हणजे २०० किलोचा जोर लावावा लागतो. शरीराचे स्वतःचे वजन वेगळेच. तोच कॅन गुडघे वाकवून पोटाशी घेतला तर हा जोर निम्म्याहून कमी होतो. उचलता उचलता कंबरेत पिळणे मात्र सर्वांत वाईट, आणि ट्रकमध्ये गोण्या भरताना नेमके तेच घडते.

माथाडी बांधवांना हे वेगळे सांगायला नको. एकेकाळी साखरेचे पोते १०० किलोचे असे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचविली. त्याआधीच १९४८ च्या कारखाने कायद्याने, इजा होईल इतके ओझे कामगाराला उचलायला लावू नये, असे कलम ३४ मध्ये म्हटले होते. आपल्याच भागात खत कारखाना आहे. त्या युरियाची गोणी २०१८ पासून देशभर ५० ऐवजी ४५ किलोची झाली. अर्थात त्यामागे पाठीची काळजी नव्हती, शेतात युरिया कमी पडावा हा हेतू होता. पण पाठीला त्याचा फायदा झालाच! सिमेंटची गोणी मात्र अजून ५० किलोचीच आहे.

आता उसणीविषयी. उसण म्हणजे बहुधा स्नायूंची अकस्मात आलेली आखड. आपल्याकडे त्यावर पायाळू माणसाकडून लाथ मारून घेण्याची पद्धत आहे. उसण चार-आठ दिवसांत आपोआप उतरते आणि श्रेय पायाळूला मिळते. परंतु दुखणे गादीचे असेल तर तीच लाथ महागात पडू शकते.

दोन्हींतला फरक कसा ओळखावा? उसणीत कंबर दुखते. गादीने नस दाबली तर कंबरेपेक्षा पाय अधिक दुखतो. कुल्ल्यापासून विजेसारखी कळ गुडघ्याखाली जाते, मुंग्या येतात, खोकताना-शिंकताना कळ वाढते. यालाच सायटिका म्हणतात. बहुतेक वेळा कंबरेच्या तळच्या दोन गाद्यांपैकी एक गुन्हेगार असते. वरच्या गादीने नस दाबली तर पायाचा अंगठा वर उचलण्याची ताकद कमी होते. खालच्या गादीने दाबली तर त्या पायाच्या चवड्यावर उभे राहणे जड जाते. डॉक्टर रुग्णाला उताणे झोपवून सरळ पाय वर उचलतात, ती परीक्षा याच नसेची. तिला एक पैसा लागत नाही. एम.आर.आय. त्यानंतरची गोष्ट आहे.

एम.आर.आय.बद्दल एक गोष्ट प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. १९९४ साली अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या ९८ व्यक्तींची ही तपासणी केली गेली. त्यांपैकी ५२ टक्के लोकांच्या निदान एका गादीत बल्ज आढळला! म्हणजे बल्ज हा पुष्कळदा केस पिकण्यासारखाच असतो. रिपोर्टातला बल्ज आणि पायातली कळ एकाच नसेशी जुळली, तरच त्या बल्जला दोष देता येतो.

उपचारांत पहिला प्रश्न विश्रांतीचा येतो. कळ असह्य असेल तर एक-दोन दिवस पडून राहावे, अधिक नको. हॉलंडमध्ये १९९९ साली सायटिकाच्या १८३ रुग्णांवर अभ्यास झाला, त्यात दोन आठवडे अंथरुणात राहिलेल्यांना काहीही जादा फायदा झाला नाही. चालावे, झेपेल ते काम करावे, एका जागी फार वेळ बसू नये. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडे दिवसच घ्याव्यात. दुकानातून आणून महिनोन् महिने खाल्ल्यास जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडे बिघडतात. पट्टा काही दिवस आधार देतो. तो कायमचा बांधून ठेवण्याची वस्तू नव्हे. पोट व पाठ बळकट करणारे व्यायाम मात्र भौतिकोपचार तज्ज्ञांकडून नीट शिकून घ्यावेत, तेथे ऐकीव माहिती चालत नाही. बहुतेकांची कळ सहा ते बारा आठवड्यांत ओसरते. बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते, आणि गंमत म्हणजे मोठा तुकडा बहुधा लहानापेक्षा चांगला विरघळतो.

काही लक्षणे मात्र थांबू देत नाहीत. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, बसताना जो भाग टेकतो तेथे बधिरता येणे, दोन्ही पायांतली ताकद जाणे, यांपैकी काहीही झाले तर रात्र असो की सुट्टी, त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. आपल्याला शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय जवळ पडते. येथे काही तासांचा उशीरही जन्मभराचे अपंगत्व देऊ शकतो. लाजेपायी लघवीची गोष्ट घरात न सांगणाऱ्या भगिनी मी पाहिल्या आहेत, म्हणून इतके स्पष्ट लिहिले. पाऊल लटके पडू लागले तरी दिरंगाई नको. तसेच पाठदुखीबरोबर संध्याकाळचा ताप आणि वजनात घट असेल तर ती गादी नसून मणक्याचा क्षयही असू शकतो. आपल्या दाटीच्या वस्तीत ही शक्यता विसरून चालणार नाही. त्याचा मुख्य उपचार औषधांचाच असतो व तो पूर्ण करावा लागतो.

राहिली शस्त्रक्रिया. बोस्टनच्या मिक्सटर आणि बार या दोन शल्यचिकित्सकांनी १९३४ साली १९ रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली, तेव्हा कुठे गादी व सायटिका यांचे नाते जगाला पटले. आज ही शस्त्रक्रिया नेहमीची झाली आहे. 'मणक्याला चाकू लागला की माणूस लुळा पडतो' ही भीती अवास्तव आहे. पण घाईही नको. २००७ साली हॉलंडमधील २८३ रुग्णांच्या अभ्यासात असे दिसले की लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांची कळ लवकर थांबली, परंतु वर्षअखेर दोन्ही गटांतले सुमारे ९५ टक्के लोक बरे झाले होते. थांबणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे शस्त्रक्रिया करावी लागली, हेही खरे. तेव्हा दीड-दोन महिने नीट उपचार करूनही कळ हटत नसेल, तर शस्त्रक्रियेचा सल्ला मोकळ्या मनाने ऐकावा.

माझ्या त्या शेजाऱ्यांना शस्त्रक्रिया लागली नाही. पहिल्या दिवशी ते गल्लीच्या तोंडापर्यंत चालले, महिन्याने स्टेशनपर्यंत. आता कामावर जातात. सिमेंटची गोणी आली की दुसऱ्या टोकाला माणूस बोलावतात, आणि तो येईपर्यंत थांबतात.