आकाशाची नाडीपरीक्षा

घरांत एखाद्या मुलाला बारीक ताप येऊं लागला म्हणजे शहाणी आई काय करते? केवळ कपाळाला हात लावून ती समाधान मानीत नाहीं. ती उष्णतामापक नळी काखेंत ठेवते, आंकडा कागदावर टिपते, आणि तेंच रोज, त्याच वेळीं, त्याच नळीनें करीत राहते. एखादे दिवशीं नळी बदलली, किंवा सकाळऐवजीं सायंकाळीं ताप पाहिला, तर आंकडा चढलेला दिसेल; परंतु ताप खरोखर चढला कीं मोजण्याची तऱ्हा बदलली, हें वैद्यास सांगतां येणार नाहीं. आज आम्ही वाचकांस अशाच एका रोग्याची व अशाच एका कागदाची हकीकत सांगणार आहों. रोगी म्हणजे आपल्या डोक्यावरील वातावरण. आणि कागद म्हणजे १९७८ च्या अखेरीपासून कृत्रिम उपग्रहांनीं ठेवलेली त्याच्या उष्णतामानाची नोंद.

ज्या थरांत आपण श्वास घेतों, ज्यांत ढग जमतात व पाऊस पडतो, त्यास तपांबर म्हणतात. विषुववृत्ताजवळ त्याची जाडी सुमारें सोळा-सतरा किलोमीटर, तर ध्रुवांकडे ती याच्या निम्मी असते. या थरांत वर जावें तसतशी थंडी वाढत जाते. पण त्याच्याही वर गेल्यास हा नियम मोडतो. हा वरचा निराळा थर, म्हणजे स्थितांबर, तेसराँ द बोर या फ्रेंच शास्त्रज्ञानें यंत्रें बांधलेले फुगे आकाशांत सोडून शोधून काढला व १९०२ सालीं तो जाहीर केला. पुढें अनेक वर्षें फुगे हेंच वरच्या हवेचें उष्णतामान जाणण्याचें मुख्य साधन होतें. परंतु फुगा सोडावयास माणूस व ठाणें हवें, आणि पृथ्वीचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग तर समुद्रानें व्यापलेला! तेथील हवेची नाडी कोणीं पाहावी?

हें काम १९७८ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेनें सोडलेल्या टायरॉस-एन या उपग्रहानें व त्याच्या मागून आलेल्या उपग्रहांनीं पत्करलें. साडेआठशें किलोमीटरांच्या आसपास उंचीवरून ते उत्तर-दक्षिण फेऱ्या घालतात. दिवसाकाठीं अशा सुमारें चौदा फेऱ्या होतात. आतां इतक्या दूरवरून हवेस नळी कशी लावावी, असा प्रश्न कोणाच्याही मनांत येईल. याचें उत्तर प्राणवायूनें दिलें आहे. हवेंत शेंकडा एकवीस असलेला हा वायु पांच-सहा मिलिमीटर लांबीच्या सूक्ष्मलहरी सतत बाहेर टाकीत असतो, आणि हवा जितकी उष्ण तितक्या या लहरी जोरकस. त्यांतील कांहीं लहरी खालच्या थरांतून, तर कांहीं वरच्या थरांतून अधिक येतात. म्हणून निरनिराळ्या लहरी वेंचून घेतल्या कीं निरनिराळ्या उंचीचा अंदाज मिळतो. ढगांचा पडदाही त्यांस फारसा अडवूं शकत नाहीं. यंत्र खरें बोलतें कीं नाहीं हें ताडण्यासाठीं तें दर फेरींत दोन ठिकाणीं नजर टाकतें: एकदां शून्याखालीं सुमारें २७० अंश थंड असलेल्या रित्या अवकाशाकडे, आणि एकदां उपग्रहावरच ठेवलेल्या, ज्याचें उष्णतामान पक्कें ठाऊक आहे अशा पदार्थाकडे.

येथवर सर्व सुरळीत वाटतें. पण हे उपग्रह हवामानाचें रोजचें भाकित करण्यासाठीं घडविलेले होते. दशकानुदशकांचा सूक्ष्म फरक मोजण्यासाठीं नव्हेत. तरी १९९० सालीं अलाबामा विद्यापीठाच्या हंट्सव्हिल येथील शाखेंतील जॉन क्रिस्टी व त्यांचे सहकारी रॉय स्पेन्सर यांनीं या नोंदी एकत्र गुंफून पहिलीं दहा वर्षें मांडलीं, आणि त्यांत कायमची वाढ अशी दिसेना. जमिनीवरील उष्णतामापक तर पृथ्वी तापत असल्याचें सांगत होते. मग खोटें कोण? या एका प्रश्नावर पुढें पंधरा वर्षें वाद माजला. तो केवळ पंडितांचा वाद नव्हता. दगडी कोळसा व तेल जाळण्यास आळा घालावा कीं नाहीं, याचा निर्णय करणारीं राज्यें त्याकडे डोळे लावून होतीं.

१९९८ सालीं फ्रँक वेंट्झ व मथायस शाबेल यांनीं एक साधी गोष्ट दाखवून दिली. इतक्या उंचीवरही हवेचा अत्यंत विरळ अंश असतो, आणि सूर्य क्षुब्ध असतां तो फुगून वर येतो. त्याच्या घर्षणानें उपग्रह हळूहळू खालीं घसरत होते. खालच्या हवेचें उष्णतामान सरळ खालीं पाहिलेल्या व तिरकस पाहिलेल्या नोंदींच्या फरकावरून काढलेलें असे. उपग्रह खालीं आला कीं तिरकस नजरेचा कोन बदले, आणि हवा थंड होत असल्याचा खोटा भास होई. ही चूक काढतांच, पूर्वीं दशकास ०.०५ अंश उतरता दिसणारा कल ०.०७ अंश चढता झाला. हंट्सव्हिलच्या शास्त्रज्ञांनीं घसरणीचा दोष मान्य केला. परंतु यंत्राच्या स्वतःच्या तापण्यानें होणारी दुसरी चूक उलट दिशेची आहे, असेंही त्यांनीं दाखविलें.

दुसरा दोष आमच्या आईच्या कागदासारखाच होता. जो उपग्रह आरंभीं दुपारीं दोन-तीन वाजतां एखाद्या स्थळावरून जाई, तो वर्षांगणिक उशीर करीत करीत सायंकाळीं जाऊं लागे. दुपारची हवा व सायंकाळची हवा सारखी कशी असेल? या बदलासाठीं हंट्सव्हिलच्या शास्त्रज्ञांनीं दुरुस्ती केली होती. पण ती उलट्या दिशेनें पडत होती, हें कार्ल मिअर्स व वेंट्झ यांनीं २००५ सालीं सिद्ध केलें. क्रिस्टी व स्पेन्सर यांनीं चूक कबूल करून आपला आंकडा दशकामागें सुमारें ०.०९ अंशावरून ०.१२ वर नेला. आज त्यांचा आंकडा ०.१५ च्या आसपास, तर प्रतिपक्षाचा ०.२ च्या थोडा वर आहे. दोघांत अद्यापि अंतर आहे. परंतु तपांबर तापत आहे, याविषयीं दोन्ही नोंदींचें एकमत आहे.

आणि या कागदाचें खरें मोल त्याच्या दुसऱ्या रकान्यांत आहे. खालची हवा तापत असतां वरचें स्थितांबर मात्र निवत आहे! १९९१ च्या जूनमध्यें फिलिपाइन्समधील पिनाटुबो ज्वालामुखी फुटला, तेव्हां त्याच्या धुळीनें व वायूंनीं स्थितांबर कांहीं काळ तापलें. पण नंतर तें पूर्वींहूनही थंड झालें. खालच्या स्थितांबराच्या थंडीस बऱ्याच अंशीं ओझोनचा ऱ्हास कारण होता, आणि १९८७ च्या माँट्रियल करारानंतर, १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून, ती उतरंड बरीच थांबली. त्याहून उंचावर मात्र दशकामागें सुमारें अर्धा अंश या गतीनें घट दिसून आली आहे. याचें कारण कर्बद्विप्राणिल वायु होय. तो खालीं उष्णता अडवून धरतो. पण वरच्या विरळ हवेंत तोच वायु आपली उष्णता अवकाशांत उधळून टाकतो. स्युकुरो मानाबे व रिचर्ड वेदरल्ड यांनीं १९६७ सालींच, एकही असा उपग्रह उडण्यापूर्वीं, गणितानें हें सांगून ठेविलें होतें. मानाबे यांस २०२१ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. सूर्यच अधिक प्रखर होऊन पृथ्वी तापत असती, तर वरचा थरही तापला असता. तो निवतो आहे, यावरून या तापाचें मूळ कोठें आहे तें उघड होतें.

वैद्यास ताप किती हें कळणें पुरेसें नसतें. तो कशानें आला हें कळावें लागतें. या नोंदीनें दोन्ही गोष्टी सांगितल्या, पण त्या सहजासहजीं नव्हेत. एकानें मोजलें, दुसऱ्यानें त्यांतील दोष काढला, पहिल्यानें तो मान्य केला, आणि कागद पुन्हा लिहिला गेला. चूक दाखविणारा हा वैरी नसून मदतनीस असतो, हें ज्या घरांत मुलांस लहानपणींच कळतें, त्या घरांतील मुलें पुढें कोणत्याही शास्त्रांत मागें पडणार नाहींत. रोग्याचें निदान झालें आहे. औषधोपचाराचा भार आतां आपणां सर्वांवर आहे.