हप्त्याचा दिवस आणि मिश्रीची डबी

वर्षावासात आमच्या नरसिंहपूरच्या विहारात संध्याकाळी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन असते. मागच्या खेपेला वाचन चालू असताना मागच्या रांगेतली एक ताई उठली, बाहेर जाऊन थुंकून आली आणि माझ्याकडे बघून ओशाळली. तोंडात मिश्री होती. वाचन संपल्यावर आपणहून म्हणाली, “सिस्टर, कळतंय समदं. पन उद्या हप्ता हाय. डोकं फिरायला लागलं की बोट आपसूक डबीत जातंय.”

नीरा-भीमेच्या संगमावरचे आमचे गाव, भोवती ऊस. बाया खुरपणीला जातात. चहाच्या आधी मिश्री, दुपारी बांधावर मिश्री, नवरा पिऊन आला की पुन्हा मिश्री. बाप्यांची तंबाखू-चुन्याची चिमूट, पुडी नाहीतर दारू. पोरांचा मोबाइल. याला आपण व्यसन म्हणतो, दोन शब्द सुनावतो आणि मोकळे होतो. दवाखान्यात नोकरीला होते तेव्हा मीही तेच करायचे. ही बाई नेमक्या कोणत्या वेळी डबी उघडते, हे मी कधी विचारले नाही.

विचारायला लागल्यावर दिसले की डबीसारख्याच आणखी पुष्कळ सवयी आहेत आणि त्यांना कोणी व्यसन म्हणत नाही. वसुलीवाल्याची गाडी वाजली की दार लावून घेणे. अनोळखी नंबरचा फोन न उचलणे. शाळेतल्या सरांनी तीनदा बोलावूनही न जाणे. छातीला गाठ लागते, पण दाखवायला गेले तर काहीतरी निघेल म्हणून पदराआड ठेवणे. सगळ्यांचे काम एकच, नको असलेली गोष्ट थोडा वेळ नजरेआड करणे.

हे घडते कसे ते बघा. अडचण समोर आली की छाती धडधडते, पोटात गोळा येतो. दार लावले किंवा बोट डबीत घातले की त्याच क्षणी हलके वाटते. हे हलके वाटणेच मेंदूला सवय लावते. पुढच्या वेळी तो विचारायला थांबत नाही, बोट आपसूक जाते. अडचण मात्र जागच्या जागी राहते, बहुतेकदा वाढते. म्हणून पुढच्या वेळची धडधड आणखी मोठी असते.

तंबाखूत आणखी एक फसवणूक आहे. मिश्री म्हणजे भाजून, जाळून कुटलेली तंबाखूच. दातांचे औषध नव्हे. तिच्यातले निकोटिन हिरडीतून रक्तात जाते. काही तासांत ते उतरते आणि मग चिडचिड, बेचैनी, डोके जड होणे सुरू होते. पुन्हा मिश्री लावली की ही बेचैनी थांबते आणि आपल्याला वाटते, ताण गेला. गेली ती मिश्रीनेच आणलेली बेचैनी. एका फायनान्सचे कर्ज काढून दुसऱ्याचा हप्ता भरावा तसे आहे हे. हप्ता, नवरा, पोराची शाळा तिथेच असतात.

शरीर त्याची किंमत मोजते. तोंडाचा कॅन्सर होतो. गरोदरपणी मिश्री चालू राहिली तर बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. घरी एक तपासणी करा: आपलीच तीन बोटे उभी एकावर एक धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील, तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर सरकारी दवाखान्यात दाखवा. सुपारी खाणाऱ्या पोरांचेही तोंड बघा, नुसत्या सुपारीनेही तोंड आखडते. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. टपरीवर सुपारीची एक आणि तंबाखूची एक अशा दोन पुड्या मिळतात आणि पोरे त्या तळहातावर एकत्र करतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आता त्या ताईच्या हप्त्याकडे येते. तिची तीन कर्जे होती. गटाच्या मीटिंगला ती दोनदा गेलीच नव्हती, म्हणून माणूस थेट दारात आला होता. रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम असा की मायक्रोफायनान्सची वसुली ठरलेल्या जागीच करायची. कर्जदार लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा तिथे आला नाही, तरच घरी किंवा कामावर येता येते. म्हणजे दार लावून बसल्यानेच तो दारात येतो! याच नियमांत सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायला, शिवीगाळ करायला, धमकी द्यायला मनाई आहे. तिला यातले काही माहीत नव्हते. माहीत करून घ्यायचे तर कार्ड उघडावे लागते आणि कार्ड उघडायचीच तिला भीती होती.

एका दुपारी आम्ही पोराच्या वहीच्या मागच्या पानावर तिन्ही कर्जे लिहिली. लिहिताना तिचे हात थरथरत होते, दोनदा डबीकडे हात गेला. मी म्हटले, आधी पाच मिनिटे थांब, मग लाव. तल्लफ लाटेसारखी येते, थोड्या मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ श्वासावर लक्ष ठेवायचे, बडीशेप किंवा लवंग तोंडात टाकायची. श्वास बघणे हे शिबिराला दहा दिवस जाऊ शकणाऱ्यांचेच काम आहे असे कोणी समजू नये, चुलीपुढेही जमते. मिश्री सोडली की पहिले दोन-तीन दिवस सर्वांत अवघड जातात, मग दोन ते चार आठवड्यांत त्रास कमी होत जातो.

बस्तीत कोणीतरी हमखास म्हणते, “सिद्धार्थ गौतम पण घर सोडूनच गेले की.” बाबासाहेबांच्या ग्रंथातले ते प्रकरण पुन्हा वाचा. रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांचे भांडण होते. सिद्धार्थ शाक्य संघात उभे राहून युद्धाच्या विरोधात बोलले, मतदानात हरले, आणि होणारी शिक्षा माहीत असूनही मागे हटले नाहीत. परिव्रज्या त्यानंतरची. याला पळून जाणे म्हणत नाहीत.

मात्र सगळेच टाळणे वाईट नसते. नवरा पिऊन हात उगारत असेल तर पोरांना घेऊन शेजारी जाणे हा शहाणपणा आहे. अशा वेळी ११२ किंवा महिलांसाठी १८१ लावा. आणि पिणाऱ्याबद्दल एक सावधगिरी: वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याला बावीस प्रतिज्ञांची आठवण देऊन एका दिवसात दारू तोडायला लावू नका. अचानक तोडल्याने फिट येते, माणूस भ्रमात जातो, जिवावरही बेतते. त्याला डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडवावे. बारामतीला सरकारी मेडिकल कॉलेजचे रुग्णालय आहे, तिथल्या मानसोपचार विभागात न्या. तिथे जाणारा वेडा असतो, हा समज आता पुरे झाला. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६ हे नंबर फुकट आहेत. टेलिमानसवर मराठीत बोलता येते.

ताई पुढच्या मीटिंगला गेली. मी बरोबर होते, पण बोलली तीच. एका कंपनीने हप्ता कमी करून मुदत वाढवली, दुसरीने ऐकले नाही, तिसरीचे अजून चालू आहे. मिश्री सुटलेली नाही. दिवसात सात-आठ वेळा होती, आता तीनदा. सकाळची सुटत नाही म्हणते.