जाड एक की पातळ दोन?

दिवाळी सरली की त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीचा गार वारा अंगाला लागू लागतो आणि ट्रंकेतले स्वेटर बाहेर निघतात. मग कळते, मुलाच्या बाह्या मनगटाच्या वर गेल्या आहेत आणि आजोबांच्या स्वेटरचा कोपर फाटला आहे. घरात माणसे पाच, हातात दीड हजार रुपये. म्हणून या वेळी औषधांऐवजी स्वेटरविषयी लिहीत आहोत.

आम्हीही पूर्वी दुकानात दिसेल तो सर्वांत जाड स्वेटर उचलायचो. पण ऊब देते ती कपड्यांत अडकलेली हवा. वीण ढिली असेल तर कितीही जाड स्वेटरमधून वारा आरपार जातो. त्यापेक्षा आत सुती बनियन, त्यावर घट्ट विणीचे दोन पातळ स्वेटर बरे. मोटारसायकलवर जाताना स्वेटरवरून जुना शर्ट घाला, वारा अडतो. शेतात घाम आला तर मात्र बनियन लगेच बदला. ओले सुती कापड अंग गार करते.

विनयपिटकातील महावग्गात हाच अनुभव आहे. हिवाळ्याच्या रात्री वैशालीत भगवान बुद्ध उघड्यावर बसले. सुरुवातीला एक चीवर पुरले. गार लागेल तसे दुसरे, तिसरे आणि पहाटे चौथे अंगावर घेतले. त्यावरून भिक्खूंसाठी तीन चीवरे ठरली, त्यांतली संघाटी दुहेरी.

पौषातल्या निवृत्तीनाथांच्या यात्रेत घ्या किंवा नाशिकला शरणपूर रोडच्या तिबेटी मार्केटमध्ये, स्वस्तातला स्वेटर बहुधा ॲक्रिलिकचा असतो. त्यात वाईट काही नाही. हलका, लवकर वाळणारा, शाळेच्या मुलाला सोयीचा. घेताना मनगटाची पट्टी ताणून सोडा. परत जागेवर आली नाही तर महिनाभरात लोंबेल. उलटा करून शिवण पाहा, उजेडासमोर धरून वीण पाहा. लेबलवर ‘वूल’ ठळक आणि टक्केवारी बारीक छापलेली असते, ती बारीक अक्षरे वाचा.

पण शेकोटी आणि चूल यांच्याजवळ ॲक्रिलिक नको. ते पेट घेते, वितळते आणि कातडीला चिकटते. लोकर सहजासहजी पेटत नाही. म्हणून चुलीपुढे बसणाऱ्या आईला लोकरीचा स्वेटर आधी हवा. तो नसेल तर निदान चुलीपुरता ॲक्रिलिकचा स्वेटर काढून जाड सुती कपडा घाला, पदर खोचा. भाजलेच तर वीस मिनिटे गार वाहते पाणी सोडा. चिकटलेले कापड ओढू नका, टूथपेस्ट लावू नका, थेट दवाखाना गाठा.

थंडीत रक्तदाब वाढतो. म्हाताऱ्या माणसांनी पहाटे अंथरुणातून एकदम बाहेर जाऊ नये; कानटोपी आणि पायमोजे उशाशी ठेवावेत. तान्ह्या बाळाचे उलटे असते, मायेपोटी आपण त्याला फार गुंडाळतो. मानेमागे हात लावून पाहा. घाम असेल तर एक कपडा कमी करा.

आजोबांचा स्वेटर लोकरीचा निघाला. तो वीस रुपयांत रफू झाला. गार पाण्यात धुऊन सावलीत आडवा पसरून वाळवला, कारण गरम पाण्याने लोकर आटते. त्यांच्या वाट्याचे पैसे आईच्या स्वेटरला गेले.