वर्षाला सव्वाशे प्रयोग

१७८६ या एका वर्षात एस्तरहाझाच्या राजवाड्यातल्या नाट्यगृहात १७ ऑपेरांचे मिळून १२५ प्रयोग झाले. सरासरीने दर तिसऱ्या दिवशी पडदा वर गेला. हे नाट्यगृह व्हिएन्नाचं नव्हे, मिलानचं किंवा नेपल्सचंही नव्हे. पश्चिम हंगेरीत, फेर्टो सरोवराजवळच्या दलदलीच्या काठाशी एका श्रीमंत प्रिन्सने ते उभारलं होतं. जवळपास मोठं शहर नव्हतं आणि तिकीट काढून येणारा प्रेक्षकही नव्हता. प्रवेश फुकट होता. वाड्यावरचे अधिकारी, नोकरचाकर, आलेगेले पाहुणे आणि खुद्द प्रिन्स, एवढ्यांसाठी हा सगळा खटाटोप वर्षानुवर्षं चालला. तो चालवणाऱ्या माणसाचं नाव योझेफ हायडन.

हायडन म्हटलं की आपल्याला सिंफनी आठवतात, स्ट्रिंग क्वार्टेट आठवतात. त्याच्या आयुष्यातली पंधराएक वर्षं मुख्यतः ऑपेराच्या तालमी घेण्यात गेली, हे संगीताच्या जाणकारांच्याही चटकन लक्षात येत नाही. एस्तरहाझाबद्दल लिहिताना लोक वाड्याच्या झगमगाटाबद्दल लिहितात. मला तिथली राबणूक अधिक मोलाची वाटते.

प्रिन्स मिक्लोश एस्तरहाझी १७६२ मध्ये घराण्याचा प्रमुख झाला. घराण्याचं मुख्य ठाणं आइझेनश्टाटला, म्हणजे आजच्या ऑस्ट्रियात होतं. मिक्लोशचा जीव मात्र श्युत्तोर गावाजवळच्या शिकारीच्या जुन्या कोठीत अडकला होता. त्या कोठीभोवती त्याने १२६ खोल्यांचा वाडा उठवला. घोड्याच्या नालासारखं अंगण, लोखंडी वेलबुट्टीचं महाद्वार, मागे सरळ रेषांत आखलेली बाग. १७६८ मध्ये ऑपेराचं नाट्यगृह सुरू झालं, ते हायडनच्याच ‘लो स्पेत्सिआले’ या ऑपेराने. पाच वर्षांनी त्याच्या समोरच्या बाजूला कळसूत्री बाहुल्यांचं वेगळं थिएटर आलं. ते आतून गुहेसारखं सजवलेलं होतं, भिंतींना शिंपले आणि दगड जडवलेले. आज या जागेला फेर्टोड म्हणतात. श्युत्तोर आणि एस्तरहाझा ही दोन गावं १९५० मध्ये एकत्र करून हे गाव झालं.

हायडन या घराण्याच्या नोकरीत आला १७६१ मध्ये. त्याचा करारनामा आज वाचताना मान खाली जाते. पांढरे मोजे, स्वच्छ सदरा, पावडर लावलेला केसांचा टोप अशा वेषात हजर राहायचं. दिवसातून दोनदा दिवाणखान्याबाहेर उभं राहून आज संगीत हवं आहे का, हे विचारायचं. रचलेलं सगळं संगीत मालकाचं, परवानगीशिवाय बाहेर कुणाला द्यायचं नाही. ही शेवटची अट १७७९ च्या नव्या करारात सुटली. तोवर त्याची कीर्ती चोरून केलेल्या नकलांमधूनच युरोपभर पसरली होती.

सुरुवातीच्या वर्षांत ऑपेरा हा सणासुदीचा मामला होता. लग्न असेल, नामदिन असेल, कुणी बडा पाहुणा येणार असेल, तर नवा ऑपेरा. १७७३ च्या सप्टेंबरात महाराणी मारिया टेरेझा आली तेव्हा दोन दिवसांत ऑपेरा, बाहुल्यांचा खेळ, मेजवान्या, नाच आणि आतषबाजी सारं झालं. १७७७ मध्ये प्रिन्सच्या मुलाच्या लग्नात ‘इल मोंदो देल्ला लूना’ झाला. या दोन प्रसंगांबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे, म्हणून इथे थांबत नाही.

खरा बदल झाला १७७६ मध्ये. त्या वर्षापासून ऑपेराचा नियमित हंगाम सुरू झाला. हिवाळा सरता सरता पहिला प्रयोग व्हायचा आणि हंगाम पुढच्या हिवाळ्याच्या तोंडापर्यंत चालायचा. ऑपेरा नसेल त्या संध्याकाळी फिरत्या नाटक मंडळीचं जर्मन नाटक. कार्ल वार या नटाची मंडळी अनेक हंगाम इथे मुक्कामाला होती आणि तिच्या खेळांत शेक्सपिअरही होता. नाटकांच्या मधल्या वेळेचं संगीत हायडननेच करायचं. त्याची साठावी सिंफनी अशाच एका फ्रेंच विनोदी नाटकासाठी लिहिलेली आहे. त्याशिवाय प्रिन्सला स्वतः बारिटोन हे तंतुवाद्य वाजवायचा शौक होता. त्यासाठी हायडनने सव्वाशेच्या आसपास त्रिके लिहिली. वर्षाचं वेळापत्रक असं दाट विणलेलं होतं.

१८ नोव्हेंबर १७७९ रोजी आग लागली. नाट्यगृह जळालं. वाद्यं गेली, हस्तलिखितं गेली. दुसऱ्या कुठल्या संस्थेने त्या वर्षाचं दार लावून घेतलं असतं. एस्तरहाझात काही दिवसांतच खेळ बाहुल्यांच्या थिएटरात हलवले गेले. ६ डिसेंबरला, प्रिन्सच्या नामदिनी, हायडनचा ‘लिझोला दिसाबिताता’ हा नवा ऑपेरा ठरल्याप्रमाणे झाला. त्याच महिन्यात नव्या नाट्यगृहाचा पाया घातला गेला. १७८१ च्या फेब्रुवारीत ‘ला फेदेल्ता प्रेमिआता’ने ते उघडलं. माझ्या मते या संस्थेचं मोठेपण मारिया टेरेझाच्या भेटीपेक्षा या पंधरा महिन्यांत दिसतं.

इतके प्रयोग उभे कसे राहत, याचं उत्तर बुडापेस्टच्या राष्ट्रीय सेचेन्यी ग्रंथालयात आहे. एस्तरहाझाच्या नाट्यगृहातलं संगीताचं साहित्य तिथे जपलेलं आहे. देनेश बार्था आणि लास्लो शोम्फाई या हंगेरियन संगीत-अभ्यासकांनी त्याचा पानन्‌पान तपास करून १९६० मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातून एक वेगळाच हायडन समोर येतो. चिमारोझा, पाइझिएल्लो, आन्फोस्सी, सार्ती अशा इटालियन रचनाकारांचे ऑपेरा तो मागवून घ्यायचा आणि नंतर त्यांच्यावर हात चालवायचा. रेंगाळणारी गाणी कापायची, पुनरावृत्ती काढून टाकायच्या, संथ लय जलद करायची. गायकाचा आवाज वर पोहोचत नसेल तर पट्टी उतरवायची. गाणं फारच सामान्य असेल तर ते काढून त्या जागी स्वतःचं घालायचं. अशी त्याने घातलेली गाणी वीसेक तरी आहेत आणि त्यांतली काही मूळ ऑपेरापेक्षा कितीतरी सरस आहेत.

यात एक हळवा धागाही आहे. लुइजिया पोल्त्सेल्ली ही तरुण गायिका १७७९ मध्ये व्हायोलिनवादक नवऱ्यासोबत इथे नोकरीला आली. तिचा आवाज बेताचा होता. तिच्या वाट्याच्या गाण्यांत हायडनने केलेले बदल पाहिले तर तिला कुठे श्वास पुरत नाही आणि कोणत्या स्वरावर ती खुलते, हे त्याला किती नेमकं ठाऊक होतं ते कळतं. त्याचं तिच्यावर प्रेम होतं, हे जगजाहीर आहे. पण त्या पानांवर प्रेमाइतकाच कसलेला नाट्यकर्मीही दिसतो, कारण हीच काळजी तो इतर गायकांचीही घेत होता.

वादकांचं आयुष्य मात्र कष्टाचं होतं. त्यांच्यासाठी बांधलेलं ‘मुझिकाहाझ’, म्हणजे वादकांचं निवासस्थान, आजही उभं आहे. हायडनला तिथे स्वतंत्र खोल्या होत्या, इतरांनी खोली वाटून घ्यायची. १७७२ मध्ये प्रिन्सने हुकूम काढला, की हायडन आणि मोजके अपवाद सोडले तर कुणीही बायकामुलांना इथे आणायचं नाही. हंगाम लांबत गेला. त्या वर्षी वादकांचं हे गाऱ्हाणं मांडायला हायडनने ४५वी सिंफनी लिहिली. तिच्या शेवटी एकेक वादक आपलं वाजवणं संपवून उठून जातो आणि उरतात फक्त दोन व्हायोलिन. ही गोष्ट सर्वांना माहीत असते. कमी माहीत आहे ते असं, की ही सिंफनी एफ-शार्प मायनर या त्या काळी अगदी क्वचित वापरल्या जाणाऱ्या पट्टीत आहे. त्यासाठी हॉर्नला लावायच्या खास नळ्या हव्या होत्या आणि त्या १७७२ च्या ऑक्टोबरात मागवल्याची कागदोपत्री नोंद आहे. गाऱ्हाणं मांडायलाही हायडनने आधी कारागिराकडून नवे सुटे भाग करवून घेतले. मला या माणसाचा आदर वाटतो तो इथे.

पुन्हा १७८६ कडे येऊ. सव्वाशे प्रयोगांची जबाबदारी डोक्यावर असतानाच त्याने त्या वर्षी पॅरिसच्या एका संगीतसंस्थेसाठी मागवलेल्या सहा सिंफनींपैकी तीन पूर्ण केल्या. स्पेनमधल्या कादिसहून आलेल्या मागणीवरून ख्रिस्ताच्या अखेरच्या सात वचनांवरची रचनाही याच सुमाराची. पुढच्या वर्षी प्रागहून ऑपेराची विचारणा आली. हायडनने नम्रपणे नकार कळवला. आपले ऑपेरा इथल्या माणसांसाठी, इथल्या रंगमंचासाठी बेतलेले आहेत, ते दुसरीकडे उभे राहायचे नाहीत, असं त्याने लिहिलं. शिवाय मोझार्टसारखा माणूस असताना मला कशाला बोलावता, असंही. माझ्या मते या पत्रात एस्तरहाझाची सारी ताकद आणि मर्यादा दोन्ही आहेत. २४ च्या आसपास वादक, मूठभर गायक, एकच मालक. सैनिकांच्या प्रवेशात तर वाड्यावरचे खरेखुरे शिपाईच उभे राहत. १७८४ चा ‘आर्मिदा’ इथे ५४ वेळा झाला, एवढं यश त्याच्या दुसऱ्या कुठल्याही ऑपेराला इथे मिळालं नाही. आपल्या माणसांच्या अंगाला बसेल असं शिवलेलं संगीत होतं ते. दुसऱ्या मंचावर ते फिकं पडेल ही त्याची भीती अगदीच खोटी नव्हती.

शेवट झटपट झाला. १७९० च्या फेब्रुवारीत प्रिन्सची पत्नी वारली. प्रिन्स खचला आणि त्याला सावरायचं कामही संगीतावर आलं. त्याच महिन्यात व्हिएन्नाहून परतलेल्या हायडनने एका स्नेही बाईला लिहिलेलं पत्र मोठं बोलकं आहे. इथलं एकटेपण, बेचव जेवण, झोपेत मोझार्टचा ‘फिगारो’ ऐकू येत असताना वाऱ्याने आलेली जाग, सगळं त्यात आहे. एस्तरहाझात त्या हंगामात ‘फिगारो’ बसवायची तयारीही चालली होती. तो प्रयोग झालाच नाही. २८ सप्टेंबर १७९० रोजी मिक्लोश वारला आणि मुलगा आन्ताल याने वादकांचा ताफा मोडला. हायडनला निवृत्तिवेतन मिळालं आणि तो लंडनला गेला. पुढच्या वर्षी एका समारंभासाठी नव्या प्रिन्सने त्याला ऑपेरा लिहायला बोलावलं, तेव्हा त्याने लंडनच्या कामाचं कारण देऊन यायला नकार दिला.

त्यानंतर वाडा ओस पडला, किमती सामान हलवलं गेलं, बाहुल्यांचं थिएटर धान्याचं कोठार झालं. ऑपेराचं नाट्यगृह तर नाहीसंच झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिक्लोश चौथा आणि त्याची पत्नी मार्गित त्सिराकी यांनी वाडा पुन्हा नांदता केला. दुसऱ्या महायुद्धाने पुन्हा मोडतोड केली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस दुरुस्ती होऊन संग्रहालय उघडलं. फेर्टो सरोवराच्या परिसराला २००१ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात हा वाडाही आहे. बाहुल्यांचं थिएटर अलीकडे पुन्हा सभागृह म्हणून बांधून काढलं आहे. उन्हाळ्याच्या दिवसांत हायडनच्या संगीताचे उत्सव होतात. समारंभाच्या दालनात, छतावरच्या अपोलोच्या रथाखाली, त्याची क्वार्टेट वाजतात. हे सगळं चांगलंच आहे. तरी मला वाटतं की फेर्टोडने आता हायडनच्या ऑपेरांनाच वार्षिक कार्यक्रमाचा कणा करायला हवा. सिंफनी जगात कुठेही ऐकायला मिळतात. या वाड्यासाठी लिहिलेले ऑपेरा याच वाड्यात ऐकण्याची सोय दुसरं कोण करणार?

व्हिएन्नाला जाणाऱ्या मराठी प्रवाशांची संख्या आता कमी नाही. तिथून फेर्टोड शंभरेक किलोमीटरवर आहे. गेलात तर वाडा पाहाच, पण वादकांचं निवासस्थानही चुकवू नका. आणि जाणं जमणार नसेल तर अंताल डोराटी या हंगेरियन वंशाच्या संचालकाने १९७५ ते १९८० या काळात लोझानच्या चेंबर ऑर्केस्ट्रासोबत हायडनच्या आठ ऑपेरांचं ध्वनिमुद्रण केलं आहे, ते मिळवा. सुरुवात ‘लिन्फेदेल्ता देलूसा’ने करा. पाचच पात्रं आहेत, गोष्ट साधी आहे, आणि पहिल्याच प्रवेशातलं समूहगान ऐकलं की पुढचं ऐकल्याशिवाय राहवणार नाही.